तळघरातल्या झोळ्या

पहाटे ५.१०

तळघराच्या दारात बाईंनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. पुण्याहून आणलेल्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर होत्या. "या वर ठेव. खाली रबर आणायचं नाही." मी त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर काढल्या. बाईंनी कॅनव्हासचे जुने बूट दिले, दोन नंबर मोठे. ते ओढत तेरा पायऱ्या उतरले.

एडिसनपासून वीस मिनिटांवरचं, न्यू जर्सीतलं साधं घर. जुलै महिना. बाहेर आत्ताच चोवीस अंश आहे, दुपारी चौतीस होणार. खाली एकवीस. भिंतीला लागून सहा उंच पिंजरे, प्रत्येकाला दोन किंवा तीन मजले, मजल्यांमध्ये उतार. आणि प्रत्येक मजल्यावर कापडी झोळ्या टांगलेल्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाला बांधतात तशाच, फक्त वीतभर. झोळीतून कुठे शेपूट बाहेर आलंय, कुठे नुसतं गुलाबी नाक. वास आहेच. थोडा मधाचा, थोडा ओल्या गोणपाटाचा. दहा मिनिटांत नाकाला कळेनासा होतो.

बाई त्रेसष्ट वर्षांच्या. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. आता पेन्शनवर आहेत, डावा गुडघा गेलाय आणि तळघरात एकवीस फेरेट आहेत, मुंगसासारखे लांबट पाळीव प्राणी. कुणाला मालकाने सोडलं, कुणाचा मालकच गेला. त्यांना सांभाळायचं, बरं करायचं, जमलं तर चांगल्या घरी द्यायचं. मी आले ती भाच्यामुळे. अकरा वर्षांचा आहे, त्याला दोन फेरेट हवेत. ताई म्हणाली, "तू लिहितेस ना? मग जा, एक अख्खा दिवस बघून ये आणि मला सांग." बाईंची अट एकच होती. हात रिकामे ठेवायचे नाहीत.

पहिलं काम औषधं. सुई नसलेल्या तीन सिरिंज, एक-एक मिलीच्या. आत प्रेडनिसोलोन. तिघांना इन्सुलिनोमा आहे. स्वादुपिंडात बारीक गाठी येतात, इन्सुलिन जास्त सुटतं आणि रक्तातली साखर खाली जाते. मधुमेहाच्या बरोबर उलटं. तीन वर्षांपुढच्या फेरेटमध्ये हा आजार खूप दिसतो. औषध दिवसातून दोनदा, जन्मभर.

बाई ओट्सला झोळीतून काढतात. सहा वर्षांचा, पिवळट पांढरा. मानेमागची सैल कातडी मुठीत धरून उचलला की तो अंग सोडून लोंबतो आणि मोठी जांभई देतो. जांभई आली की सिरिंज गालाच्या आत. अर्धा सेकंद. मला वाटलं दुखत असेल. "आई पिल्लाला इथेच धरून उचलते," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला उचललं.

सकाळी ६.००

शी काढणे. दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच आणि बाई ते कुणावर सोपवत नाहीत.

हत्यार म्हणजे रंगारी भिंतीला लांबी भरायला वापरतात ती पत्ती. चार इंची. एका हातात पत्ती, दुसऱ्या हातात बादली. फेरेट कोपऱ्यात मागे मागे सरकत जातो, शेपूट वर करतो आणि काम उरकतो. म्हणून ट्रे कोपऱ्यात ठेवायचा, मागची भिंत उंच. तरी दहातल्या दोन वेळा तो ट्रेच्या शेजारीच करणार. मांजरासारखी माती ओढत नाही. दाखवून मोकळा.

ट्रेमध्ये माती नसतेच. मांजरांसाठी मिळते ती गोळा होणारी वाळू चालत नाही, नाकात जाते. देवदाराचा भुसा चालत नाही, त्याच्या वासाने फुप्फुसं आणि यकृत धरतं. बाई लाकडाच्या शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबलेल्या भुशाच्या गोळ्या वापरतात. चाळीस पौंडांचं पोतं, म्हणजे अठरा किलो, सात डॉलर. पाच दिवस पुरतं. दुकानात 'लहान प्राण्यांसाठी' म्हणून तोच माल रंगीत पिशवीत चौपट दराने मिळतो.

प्रत्येक पत्तीभर शी बादलीत टाकायच्या आधी बाई दिव्याखाली धरतात. मला वाटलं होतं हे आपलं एकदा बघून होईल. सगळ्या ट्रेंना पन्नास मिनिटं लागली. टूथपेस्टसारखी, तपकिरी, ती बरी. बाजरीच्या दाण्यांसारखे कण दिसले तर अन्न पचत नाहीये. हिरवी आणि बुळबुळीत असेल तर आतड्याला सूज किंवा नवा आलेला प्राणी संसर्ग घेऊन आलाय. काळी, डांबरासारखी असेल तर पोटात रक्त. आणि पेन्सिलच्या शिशासारखी बारीक असेल तर आत काहीतरी अडकलंय. तेव्हा गाडी काढायची, विचार करत बसायचं नाही.

"काय अडकतं?" मी विचारलं.

भिंतीवर एक काचेची बरणी आहे. बाईंनी बोटाने दाखवली. खोडरबराचे तुकडे, कानात घालायचे फोमचे बोळे, रिमोटचं एक बटण, बुटाच्या सोलचा एक कोपरा, बाळाच्या बाटलीचं अर्धं बूच. सगळं पोट फाडून काढलेलं. एकेका तुकड्याला दोन ते तीन हजार डॉलर. फेरेटला रबर आणि फोम चावायला आवडतं. का आवडतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी ७.१५

कपडे. एक दिवसाआड सगळ्या झोळ्या आणि पिंजऱ्याच्या तळाची फ्लीसची कापडं धुवायची. तळाला जाळी असेल तर पंजे अडकतात, फोड येतात, म्हणून कापड हवंच. टॉवेलचं नाही, त्याच्या धाग्यांत नखं गुंततात.

वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी बाई प्रत्येक झोळी झटकतात आणि पिळून बघतात. मग मशीन सुरू करण्याआधी पिंजऱ्यांतले सगळे मोजतात. मोठ्याने. एकवीस झाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. कारण मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

वासाचा साबण नाही, कापड मऊ करायचं औषध नाही. शेवटच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर. वासाचं म्हणाल तर प्राण्याला आंघोळ घालून वास जात नाही, वाढतो. कातडी कोरडी पडते, मग अंग जास्त तेल सोडतं. महिन्यातून एकदा घातली तरी फार. कापडं धुतली की अर्धा वास जातो.

कोपऱ्यात हवेतली ओल ओढणारं यंत्र आहे. त्याची बादली उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भरते. तेरा पायऱ्या वर, मोरीत ओतायची, तेरा पायऱ्या खाली. एक खेप मी केली. दुसरीला बाई म्हणाल्या, "सांडतेस."

सकाळी ८.३०

मदतनीस आला. कॉलेजचा मुलगा, आठवड्यातून चार दिवस, तीन-तीन तास. तासाला १५ डॉलर ४९ सेंट, न्यू जर्सीची २०२५ ची किमान मजुरी. बाई स्वतः बिनपगारी आहेत. लोक सुट्टीला जाताना फेरेट ठेवून जातात, त्याचे एका प्राण्यामागे रोजचे सहा डॉलर. नखं कापून देण्याचे दहा. बाकी देणग्या आणि पेन्शन.

मुलाने भुशाची दोन पोती खांद्यावर टाकून खाली आणली. मग खाण्याची भांडी. जड मातीची भांडी, पिंजऱ्याला क्लिपने अडकवलेली. हलकं भांडं उलटं करून त्यात बसणं हा त्यांचा आवडता खेळ आहे. पाण्याची बाटली असतेच, शिवाय वाटीही हवी, कारण बाटलीतून पुरेसं पाणी पोटात जात नाही.

खाणं कायम समोर. फेरेटचं आतडं आखूड असतं, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. सगळं मांसाचं. कोरड्या खाण्यात प्रथिनं पस्तीस ते चाळीस टक्के, चरबी वीसच्या आसपास. धान्य, डाळी, फळं, दूध पचत नाही. दोन मनुके प्रेमाने दिले तरी ते प्रेम स्वादुपिंडाला महागात पडतं. दोन ब्रँड मिसळून द्यायचे. एकाच चवीवर वाढलेला प्राणी, तो माल दुकानातून गेला की उपाशी बसतो.

आजाऱ्यांसाठी डक सूप. त्यात बदक नसतं. कोरडं खाणं गरम पाण्यात भिजवून, उकडलेली कोंबडी घालून मिक्सरमधून काढलेली पेज. नाव असं का पडलं हे कुणी नीट सांगत नाही. बाई बर्फाच्या ट्रेमध्ये त्याचे ठोकळे गोठवून ठेवतात. मी ढवळत होते. आमच्या घरातली मी एकटीच मांसाहारी, म्हणून हे माझ्याकडे.

सकाळी १०.००

डॉक्टरकडे. फेरेट बघणारे डॉक्टर थोडे. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना बाईंच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, पण तिथे फेरेट घेत नाहीत. हे डॉक्टर चाळीस मिनिटांवर. नव्या मालकाने प्राणी आणायच्या आधी डॉक्टर शोधावा असं बाई प्रत्येकाला सांगतात. नव्वद टक्के लोक उलटं करतात, असंही त्याच म्हणतात.

आधी रिकामी गाडी सुरू करून एसी लावला. दहा मिनिटांनी पिंजरा ठेवला. पाण्याची बाटली गोठवून, जाडजूड मोज्यात घालून आत. फेरेटला घाम येत नाही. सत्तावीस अंशांच्या वर त्याचे हाल सुरू होतात, बत्तीसला उष्माघात. उघड्या खिडकीने भागत नाही.

दोघे आहेत. मफिनला बघून मला उंदीर वाटला, शेपटीवर एकही केस नाही. कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखं टक्कल. ही अ‍ॅड्रिनल ग्रंथीची खूण. अमेरिकेत दुकानात येणारी बहुतेक पिल्लं मोठ्या पैदास केंद्रातून येतात. तिथे पाच-सहा आठवड्यांच्या वयातच नसबंदी होते, गुदाजवळच्या वासाच्या ग्रंथी काढतात आणि कानात दोन निळे ठिपके गोंदतात. बाईंनी मफिनचा उजवा कान उलटून दाखवला. ठिपके होते. इतक्या लवकर लैंगिक ग्रंथी काढल्या की मेंदू पुढे वर्षानुवर्षं हुकूम सोडत राहतो आणि तो ऐकायला अ‍ॅड्रिनलच उरते, असं डॉक्टरांनी समजावलं. ती फुगते. नरात पुढे प्रोस्टेट सुजून लघवी अडते. लघवी अडली तर दिवस नाही, तास मोजायचे.

उपाय म्हणजे डेस्लोरेलिनची कांडी, तांदळाच्या दाण्याएवढी. दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, जाड सुईने. मफिन ओरडला, एकदाच. दोन-तीन महिन्यांत केस परत येतील. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा सुई.

दुसरी बीन, अकरा आठवड्यांची, डिस्टेंपरच्या दुसऱ्या डोसला. आठ, अकरा, चौदा आठवडे आणि मग दरवर्षी. डिस्टेंपर झालेला फेरेट जवळजवळ कधीच वाचत नाही. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, पण दोन्ही एका दिवशी नको. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. उलटी, शेपटीचे केस फिंजारणं, नाक लालबुंद होणं, यातलं काही झालं तर डॉक्टर हाताशी हवेत. बाईंनी घड्याळ लावलं. बीन माझ्या बाहीत शिरून झोपली.

बिल आलं. तपासणी नव्वद आणि नव्वद, कांडी दोनशे तीस, लस पस्तीस. चारशे पंचेचाळीस. बाईंना दहा टक्के सूट. चारशे डॉलर पन्नास सेंट. बाईंनी पन्नास सेंट सुटे दिले.

दुपारी १.००

फोन. एक तरुण ब्रुकलिनला राहायला चाललाय. त्याच्याकडे दोन आहेत, चार वर्षांचे. हडसनच्या या काठावर फेरेट पाळता येतो. त्या काठावर, न्यूयॉर्क शहरात, १९९९ पासून बंदी आहे. २०१५ मध्ये बंदी उठवायचा प्रस्ताव शहराच्या आरोग्य मंडळासमोर आला आणि पडला. कॅलिफोर्निया आणि हवाई ही राज्यं तर पूर्णच बंद. त्यामुळे नोकरी बदलली की फेरेट बाईंकडे. "शनिवारी आण," बाई फोनवर म्हणाल्या. "पिंजरा आण, लसीचे कागद आण आणि तुझा न धुतलेला एक टी-शर्ट आण." टी-शर्ट झोळीत ठेवायला. मालकाचा वास असला की नवीन जागी लवकर खातात.

दुपारी १.४०

घर निजलंय. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो. इतका गाढ की नवे मालक मेला म्हणून रडत फोन करतात. उचला, हलवा, मान टाकतो, उठत नाही. दोन मिनिटांनी जांभई.

बाई वर गुडघ्याला बर्फ लावून पडल्या होत्या. खाली मी एकटी. मदतनीस शिंकत होता म्हणून त्याला त्यांनी डॉक्टरकडे निघण्याआधीच घरी पाठवलेलं. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. खरं तर त्यामुळेच माणसाचा फ्लू माणसाला कळला. १९३३ मध्ये लंडनला विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातल्या गुळण्या फेरेटच्या नाकात सोडल्या. फेरेट आजारी पडले आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. आजही फ्लूच्या प्रयोगांत हाच प्राणी. तळघरात बसून मी हे वहीत लिहीत होते.

मान वर केली तर ओट्स उतारावर उभा. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हता. तोंडातून लाळ. पुढच्या पंजाने तोंड ओरबाडत होता, टाळूला काही चिकटल्यासारखा. मग मागचे पाय पसरले आणि तो पोटावर बसला.

मी जिन्यातून ओरडले. गुडघ्याच्या मानाने बाई फार लवकर खाली आल्या. फळीवर मक्याच्या पाकाची बाटली, शेजारी कापसाच्या काड्या. काडी पाकात बुडवून हिरड्यांवर चोळली. तोंडात ओतायचा नाही, शुद्ध नसेल तर फुप्फुसात जातो. पुन्हा काडी. पुन्हा चोळली. मी त्याचं अंग हातात धरलं होतं. आठशे ग्रॅमचा जीव. छाती इतकी भराभर उडत होती की ठोके मोजता आले नाहीत. त्यांचे एरवीही मिनिटाला दोनशेच्या वर असतात.

चार मिनिटांनी त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं.

"आता सूप," बाई म्हणाल्या. साखरेवर थांबायचं नाही. साखर दिसली की तीच गाठ पुन्हा इन्सुलिन सोडते आणि तासाभरात पहिले पाढे पंचावन्न. मांसाचं खाणं लगेच पोटात जायला हवं. ओट्सने माझ्या बोटावरून दोन ठोकळे चाटून खाल्ले. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. ओट्स, १.५५, या महिन्यात तिसरी वेळ. डॉक्टरांना फोन करून औषधाची मात्रा वाढवून घेतली. मग खुर्चीत बसून सकाळचा सँडविच खाल्ला.

दुपारी ३.१५

नखं. सात जणांची. मला वाटलं एकाने धरायचं, एकाने कापायचं. बाईंनी प्राणी मांडीवर उताणा टाकला आणि त्याच्या पोटावर सामन माशाच्या तेलाचे तीन थेंब सोडले. तो मान वाकवून स्वतःचंच पोट चाटायला लागला. तेवढ्यात वीस नखं कापून झाली. लहान मुलांचं साधं नेलकटर. नखातली गुलाबी शीर सोडून पुढचं टोक तेवढं कापायचं. शीर लागलीच तर बशीत मक्याचं पीठ आहे, त्यात नख दाबायचं.

कान. तांबूस मळ असतोच. काळा आणि कॉफीच्या चोथ्यासारखा असेल तर कानात किडे. डास चावला तर हृदयात जंत होतात, छोट्या हृदयाला एकच जंत पुरतो. म्हणून मानेवर महिन्याला एक औषधाची ट्यूब, तळघरात राहणाऱ्यालासुद्धा. डास जिना उतरतो.

तिसऱ्याची नखं मी कापली. तेल संपलं हे माझ्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं. अंगठ्याला दोन टोचे. बाईंनी साबण पुढे केला आणि म्हणाल्या, "छान. आता ते लिही."

दुपारी ४.३०

ताई, भाऊजी आणि भाचा आले. भाच्याला पळतच खाली जायचं होतं. बाईंनी त्याला आधी स्वयंपाकघरात बसवलं.

प्रश्न सुरू झाले. घरात रिक्लायनर आहे? भाऊजी म्हणाले, आहे, लेदरचा, त्यांचा लाडका. "तो जाईल," बाई म्हणाल्या. फेरेट आत यंत्रात शिरून झोपतो, माणूस पाय वर करतो, संपलं. पलंगाच्या गादीखालचं कापड फाटलंय का? ओट्याखालच्या फळीत फट आहे? त्याचं डोकं गेलं की अंग जातं, इंचभर फट पुरते. फ्रिजच्या मागे, ड्रायरच्या मागे? रोज तीन-चार तास बाहेर सोडायचा म्हणजे यातली एक तरी खोली आधी बुजवावी लागेल. पिंजरा म्हणजे फक्त झोपायची खोली.

भाऊजींनी फोन काढून हिशेब चालू केला. दुकानात पिल्लू दोनशे-तीनशे डॉलरला मिळतं. बाईंकडे मोठ्यांची जोडी अडीचशेला, लसी झालेली. वापरलेला दोन मजली पिंजरा शंभर. मग बाई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. खाणं, भुसा, लसी, महिन्याची ट्यूब. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी जे येतं ते.

"भारतात किती दिवस जाता?" बाईंनी विचारलं.

"पाच आठवडे. दर डिसेंबरला."

"दोघांचे रोजचे बारा डॉलर."

भाऊजींनी आकडा केला. चारशे वीस. ताईकडे बघितलं. ताईच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"मी विचारू का?" ताई माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली. "पोळी चालेल का त्यांना? दूध-पोळी?"

मी विचारलं. बाई हसल्या नाहीत. नाही म्हणाल्या, आणि का नाही तेही सांगितलं. ताईच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कोरडं खाणं म्हणजे कोंबडीचंच पीठ, ते एक वेळ डब्यात बंद राहील. पण सूप? उकडलेली कोंबडी, मिक्सर? ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वेगळा मिक्सर. गॅरेजमध्ये."

"आणि तो तू धुवायचास," ती भाच्याला म्हणाली.

"मी कशाला..." आणि मग लगेच, "हो. धुवीन."

संध्याकाळी ६.४०

खेळायची वेळ. फेरेट संध्याकाळी आणि पहाटे जागा असतो. बाईंनी एका कोपऱ्यात पत्र्याचे पडदे उभे करून रिंगण केलं आणि पाच जणांना सोडलं. वॉफल, पिकल, टोस्ट, जेली, बीन. कपडे वाळवायच्या यंत्राचा जुना लवचीक पाइप हेच त्यांचं मोठं खेळणं, फुकटचं. एक खोकं भरून तांदूळ. आमच्या घरी कुणी तांदळात असं लोळलं असतं तर आजीने काय केलं असतं ते मला माहीत आहे.

भाच्याच्या हातात बाईंनी पत्ती दिली. आधी तीन ट्रे. तो नाक धरून गेला आणि तिसऱ्या ट्रेपर्यंत नाक सोडून मला विचारत होता, "मावशी, ही हिरवी आहे का तपकिरी?" मी दिव्याखाली धरून बघितली. तपकिरी.

मग त्याला आत बसू दिलं. वॉफलने पाठीची कमान केली, तोंड उघडलं आणि आडवं-तिडवं उड्या मारत त्याच्या अंगावर आली. सोबत घशातून डुक-डुक-डुक. भाचा भिऊन मागे सरकला. "चिडली?" बाई म्हणाल्या, खूश आहे. ती भिंतीवर आपटली, पडली, उठली, पुन्हा नाचली. भाऊजी जिन्यात उभे राहून हसत होते. दहा मिनिटांनी त्यांचा मोजा पळवला गेला. पायातला.

बाईंनी आज काही दिलं नाही. चार शनिवार यायचं, तीन तास काम करायचं, मग बोलू. भाच्याचं तोंड पडलं. ताईचं पडलं नाही.

रात्री ८.५०

औषधाची दुसरी वेळ झाली होती. ओट्स जेवून झोळीत. बाईंनी भाच्याला मोजायला लावलं. त्याचे वीस झाले. पुन्हा मोजले, वीस. जेली नव्हती. रिंगणाचे पडदे सरकवले, पाइप झटकला, तांदळात हात घातला. बाई जिन्याकडे गेल्या. खालून चौथ्या पायरीच्या कोपऱ्यात जेली झोपलेली होती. पोटाखाली माझी स्लिपर.

मी वरच्या पायरीवर काढली होती. कुणाचा तरी पाय लागून ती खाली आली असणार. कुणाचा ते कोण सांगणार. रिंगणाचं दार तीन वेळा उघडलं होतं, त्यातल्या दोन वेळा मीच.

बाईंनी स्लिपर दिव्याखाली धरली. टाचेचा तुकडा नव्हता, सुपारीएवढा. पायऱ्यांवर गुडघे टेकून आम्ही चौघांनी शोधलं. दोन बारीक कपचे सापडले. बाईंनी ते टाचेला लावून बघितले. खळगा भरला नाही.

"जेलीच?" मी विचारलं.

"जेली झोपली होती. चावलं कुणी ते माहीत नाही."

पाचही जण वेगवेगळ्या पिंजऱ्यांत गेले. प्रत्येकाला बोटभर माल्टची पेस्ट, आतडं निसरडं व्हायला. बाईंनी ट्रे रिकामे करून नवा भुसा भरला आणि चिकटपट्टीवर मार्करने नावं लिहून पाच ट्रेंना लावली. रात्रीत कुणी खाणं सोडलं, दात खाल्ले, उलटी झाली तर डॉक्टरकडे. नाहीतर सकाळी बघायचं, पाचही ट्रे, पत्तीने चिरून.

ताईने गाडीतून हॉर्न वाजवला. मी कॅनव्हासचे बूट काढायला वाकले.

"राहू देत," बाई म्हणाल्या. "पाचला ये. दार उघडं असेल."